नैरोबी सहा बोटं

आमच्या भूगोलाच्या मास्तरांच्या वर्गात 'लांब' हा शब्द उच्चारायला बंदी होती. एखादा मुलगा चुकून "मास्तर, लंडन फार लांब आहे" म्हणाला, की हे खुर्चीतून उठत, शेरवानीची गळ्याजवळची गुंडी चाचपत आणि विचारत, "लांब म्हणजे किती? मैल सांग. तास सांग. लांब हा शब्द बायकांनी रडताना वापरायचा असतो. भूगोलात तो नाही." मग त्या मुलाला बाकावर उभं राहून तीन शहरांची अंतरं सांगावी लागत. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवत असे. मधली भिंत फळ्यांची होती, त्यामुळे माझ्या वर्गात समास सुटायच्या आधी कैरो सुटत असे.

नारायणगुड्याच्या त्या मराठी शाळेत मी परभणीहून नवीन आलो होतो. राहायला जागा नव्हती, तेव्हा ह्यांनीच आपल्या चिक्कडपल्लीच्या घरातली पुढची खोली दिली. म्हणजे दिवसा सहकारी आणि उरलेल्या वेळात घरमालक. सुटका अशी कुठेच नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. गाव विचारलं. मग कपाटातून पृथ्वीचा गोल काढला, त्याच्या पितळी कमानीला गुंडाळलेला निळा दोरा सोडवला, एक टोक हैदराबादवर अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं परभणीवर नेलं, पट्टीवर मोजलं आणि म्हणाले, "एकशे अडुसष्ट. हवेतून. गाडीचं मला सांगू नका, गाडी गावोगावी चहा प्यायला थांबते."

त्या दिवसापासून मी 'एकशे अडुसष्ट' झालो. नांदेडचे गणिताचे मास्तर 'एकशे चाळीस' होते, बिदरचे चित्रकलेचे 'सत्तर'. शाळेचा तेलुगू शिपाई चिक्कडपल्लीतच जन्मलेला, त्याला ते 'सुन्ना' म्हणत. सुन्ना म्हणजे तेलुगूत शून्य. त्या बिचाऱ्याने एकदा माझ्याकडे तक्रार केली की "अय्या, सगळ्यांना काही ना काही दिलं, मलाच काही नाही." हेडमास्तरही हैदराबादचेच, पण त्यांना शून्य म्हणण्याची सोय नव्हती. म्हणून त्यांना ते 'साहेब' म्हणत.

भिंतीवरच्या नकाशावर त्यांचा राग होता. सपाट नकाशा खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. वर्गातला नकाशा त्यांनी उलटा करून टांगला होता आणि इन्स्पेक्टर येणार असले, की तेवढ्यापुरता सुलटा करत. "पृथ्वी गोल आहे, एकशे अडुसष्ट. सरळ जायचं असेल तर वळून जावं लागतं. हे दोऱ्याला कळतं, खात्याला कळत नाही." कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, ते दोरा ताणत, डोळे मिटत आणि मैल सांगून वर तास सांगत. कराची ते कैरो. दिल्ली ते रंगून. जिथे आपण जन्मात जाणार नाही अशा दोन गावांमधून ते विमान न्यायचे आणि ते वेळेवर पोचलं, की समाधानाने तपकीर ओढायचे.

स्वतः मात्र विमानात कधी बसलेले नव्हते. विमान राहू द्या, बेगमपेटचा विमानतळसुद्धा त्यांनी पाहिलेला नव्हता. आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास म्हणजे एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गुलबर्ग्यापर्यंत, आणि त्यातही वाडी जंक्शनवर त्यांना उलटी झाली होती. मुंबईचं विमान आलं की गच्चीवर जायचं, खिशातलं घड्याळ काढायचं आणि "सात मिनिटं उशीर" असं वरच्या वैमानिकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, "ह्यांना विमानातलं सगळं कळतं. वर कसं चढायचं तेवढं सोडून."

काकू बोलायला तिखट आणि मनाने फार चांगल्या. माझ्यासाठी रोज वाटीभर आंबाडीची भाजी बाजूला काढून ठेवायच्या. त्यांचा नवऱ्यावर एकच खरा राग होता आणि तो गोलावरच्या एका जागी बसलेला होता. आफ्रिकेच्या उजव्या बाजूला, बोट लागून लागून रंग उडालेल्या ठिकाणी, नैरोबीला.

त्यांची एकुलती एक मुलगी तिथे दिलेली होती. मी यायच्या आधीची गोष्ट, पण काकूंनी ती मला इतक्या वेळा सांगितली, की मी त्या बैठकीला हजर होतो असं मला अजून वाटतं. स्थळ चांगलं होतं, मुलगा तिकडच्या रेल्वेत कारकून होता. घरातले सगळे नको म्हणत होते. काकू तर चुलीपाशी बसून एकच शब्द म्हणत होत्या, "लांब आहे हो. फार लांब आहे." ह्यांनी गोल आणला. पाहुण्यांच्या देखत दोरा ताणला आणि बायकोच्या बोटांवर ठेवला. "मोज. सहा बोटं. एकतीसशे मैल. विमानाने अठरा तास. औरंगाबादला दिली असती तर गाडीने तेवढेच लागले असते!" पाहुणे चकित झाले. नैरोबी औरंगाबादइतकी जवळ आहे हे खुद्द मुलाच्या बापालाही ठाऊक नव्हतं. लग्न ठरलं. मुलगी बोटीने गेली आणि बारा दिवस समुद्रात लोळत राहिली, कारण त्या वेळी आपल्यासारख्यांना घेऊन तिकडे जाणारं विमानच नव्हतं. "निघेल," हे म्हणाले. "अंतर तयार आहे. विमान येईल मागून."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला काकू विचारायच्या, "नैरोबी किती लांब हो?" आणि हे रोज सांगायचे, "सहा बोटं. अठरा तास." देवापुढच्या दिव्यासारखा हा नेम होता. काकूंना उत्तर पटलेलं नव्हतं म्हणून त्या विचारत, आणि ह्यांना वाटे की ऐकून ऐकून पटेल. संसार बहुतेक असाच चालतो.

मग तो उन्हाळा आला. इंग्रज जाऊन वर्ष होत आलं होतं, पण आमचं संस्थान हिंदुस्थानात सामील व्हायचं की नाही, ह्याचा निकाल लागत नव्हता. मोहल्ल्यात रोज नवी अफवा, रस्त्यांवर रझाकारांची कवायत, आणि अर्धी चिक्कडपल्ली बोचकी बांधून सोलापूरला नाहीतर बेजवाड्याला निघालेली. अशा दिवसांत काकूंच्या पायांवर सूज आली. जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी तपासलं आणि ह्यांना अंगणात नेऊन सांगितलं, "हृदय थकलंय. मुलीला बोलावून घ्या. वेळ लावू नका."

मुलगी निघाली. दोन वर्षांच्या लेकराला घेऊन मोंबासाहून बोटीने मुंबईला उतरली आणि तिथून तिने तार केली: पोचलो, आज संध्याकाळच्या गाडीने निघते.

काकूंचं तोंड उजळलं. "आज संध्याकाळी बसली की उद्या दारात," त्या म्हणाल्या. पण ह्यांनी शेरवानी चढवली होती. "गाडीने? तेवीस तास धुरात? विमान अडीच तासांत आणतं. बारा दिवस बोटीत काढून आलीय पोरगी, शेवटचं तरी शहाण्यासारखं येऊ दे."

"अहो, गाडी आजची आजच आहे. विमानाचं काय खरं?"

"विमानाचं सगळं खरं आहे. तीनशे सत्त्याऐंशी मैल."

आणि तारघरात जाऊन ते तार करून आले: विमानानेच ये. मी बरोबर होतो. अडवलं नाही, ह्याची मला अजून खंत आहे. खरं सांगायचं तर मलाही अडीच तास तेविसांपेक्षा कमी वाटले.

मुलगी बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. ती विमानात जागा मिळण्याची वाट पाहत मुंबईत थांबली. आज मिळेल, परवा मिळेल, असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी विमानं बंद झाली. दिल्ली आणि हैदराबाद यांचं बिनसलं आणि आमचं आकाश मिटलं. तोवर गाड्यांतही मारामाऱ्या होऊ लागल्या होत्या. हैदराबादहून बाहेर जाणाऱ्या गाडीला टपावर माणसं आणि आत येणाऱ्या गाडीत बसायला कोणी धजावेना. मुलीच्या चुलत सासऱ्यांनी तिला सोलापूरला आपल्या घरी आणून ठेवलं आणि कळवलं, लहान पोरासकट आम्ही तिला आत पाठवणार नाही.

ते पत्र काकूंनी मला वाचायला लावलं. वाचून झाल्यावर त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "गुरुजी, घरमालकांना सांगा, पोरगी ह्या उंबऱ्यात येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलणार नाही."

घरमालक दोन हातांवर बसले होते. ते म्हणाले, "त्यांना सांगा, ऐकू आलं."

आणि खरंच चार महिने त्या बोलल्या नाहीत. "गुरुजी, सांगा, आंघोळीचं पाणी निवतंय." "गुरुजी, विचारा, औषध देताय का म्हणावं दुपारचं." नवरा औषधाची वाटी हातात घेऊन समोर उभा, आणि मी मध्ये तारघर. शाळेत मराठी शिकवायचं आणि घरी दुभाष्याचं काम. पण सगळ्यात वाईट वेळ दिवेलागणीची असे. काकू दिवा लावायच्या, हे गोलापाशी येऊन बसायचे, आणि प्रश्न यायचाच नाही. उत्तर तयार असलेला माणूस इतका केविलवाणा दिसू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

बाहेर मात्र त्यांचा भाव वाढला होता. एरवी हसणारे लोक आता ओसरीवर गर्दी करत. आकाशात काही घरघरलं, की कोणी म्हणे कराचीहून शस्त्रं आली, कोणी म्हणे दिल्लीहून दूत आला. कोपऱ्यावरचे वकील हळूच विचारत, "मास्तर, कराचीहून निघालं तर किती तासांत येतं?" हे दोरा ताणून सांगत. मग वकील आणखी हळू विचारत, "पण कशाला येत असेल?" तेव्हा हे भडकत. "किती तास ते मला विचारा. कशाला ते ज्यांनी पाठवलं त्यांना विचारा!" शाळेत तर इन्स्पेक्टर बजावून गेले, की संस्थान हे स्वतंत्र राष्ट्र आहे आणि मुलांना तसं शिकवावं. ह्यांनी नम्रपणे हात जोडून विचारलं, "शिकवतो. फक्त ह्या राष्ट्रातून बाहेर पडायला किती तास लागतात तेवढं लेखी द्या. पूर्वी अडीच होते."

एकदा शाळेतून आलो तर हे अंगणात गोल मांडीवर घेऊन बसलेले. डोळ्याला भिंग. हैदराबादवर दोऱ्याची गाठ आणि दुसरं टोक सोलापूरवर नेण्याची खटपट चाललेली.

"मावत नाही हो, एकशे अडुसष्ट," ते म्हणाले. "करंगळीच्या नखाएवढंसुद्धा नाही. गाठ मारली की गाठीतच सोलापूर येतं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सहा बोटांतली साडेपाच ती बारा दिवसांत आली. उरलेल्या नखाला तीन महिने झाले. गाडीने आली असती तर आज आईजवळ असती. हे मी केलं."

मी म्हणालो, "तुम्ही काय करणार, राजकारण..."

"राजकारणाने तार केली नव्हती," ते म्हणाले. आतून काकूंचा खोकला ऐकू आला. ते उठून आत पाणी देऊन आले.

भाद्रपदात हिंदुस्थानचं सैन्य सोलापूरकडून आत शिरलं. ह्यांनी ताबडतोब हिशेब मांडला. एकशे सत्तर मैल, रणगाडा ताशी वीस मैल, साडेआठ तास. "उद्या जेवणाच्या वेळेला," त्यांनी ओसरीवर जाहीर केलं. वकिलांनी घरात जास्तीचा भात टाकला म्हणे. सैन्य पाचव्या दिवशी आलं. शाळा उघडली तेव्हा चित्रकलेच्या मास्तरांनी भर सभेत विचारलं, "काय हो, भात निवला ना?" सगळे पोट धरून हसले. कोणी हसलं आणि हे गप्प बसले, असं त्या शाळेत पहिल्यांदाच घडलं.

पुढे सगळं भराभर झालं. शाळेत नवे नकाशे आले, इन्स्पेक्टर तेच राहिले पण आता संस्थान स्वतंत्र नसल्याचं शिकवा म्हणून सांगून गेले. गाड्या सुरू झाल्या. ह्यांनी सोलापूरला तार केली: गाडीने ये, चालत ये, कशीही ये. काकू तेव्हा उशीला टेकून बसूनच झोपत. आडवं झालं की श्वास कोंडत असे.

सोलापूरहून गाडी एका रात्रीची. आम्ही दोन दिवस स्टेशनवर फेऱ्या मारल्या. मुलगी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तार आली, तीही मुंबईहून: आजच्या विमानाने निघते.

ह्यांनी तार दोनदा वाचली. "उलटी गेली?" ते म्हणाले. "पावणेतीनशे मैल उलटी?" आणि काकूंच्या खोलीत न जाता तिथेच खुर्चीवर बसले. मग एकदम उठले, घड्याळ काढलं, विमान सुटण्याची वेळ धरली, अडीच तास मिळवले, तपकीर न ओढता शेरवानी घातली. खाली धोतराचा काष्टा सुटलेला होता, तो मी दाखवला.

आम्ही अगदी मिनिटाच्या हिशेबाने तांग्यात बसलो. बेगमपेट आपल्या घरापासून किती, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. जगातल्या सगळ्या विमानतळांमधली अंतरं पाठ असलेल्या माणसाला चिक्कडपल्ली ते बेगमपेट माहीत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हुसेनसागरच्या बांधावर लष्कराच्या ट्रकांची रांग लागली होती. तांगा अडला.

"चलाव मियाँ, चलाव!" हे ओरडले.

"किधर चलाऊं मास्टरसाब? मेरा घोड़ा तलाव पो से चलता क्या?" तांगेवाला शांतपणे म्हणाला. तेवढ्यात डोक्यावरून घरघर आली. विमान इतकं खाली होतं, की चाकं दिसली. तांगेवाल्याने चाबकाने वर दाखवलं. "वो देखो, तुमारी बेटी उप्पर से जारी."

हे घड्याळाकडे बघत राहिले. "बारा मिनिटं लवकर," ते म्हणाले. "वारा मागून असणार. मी वारा धरलाच नव्हता." आणि बांधावरच्या त्या गर्दीत, तांग्यात बसून, ते रडू लागले. मी दुसरीकडे बघितलं. तांगेवाल्याने मात्र मागे वळून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि "रोते नै मास्टरसाब, बेटी आ गइच ना" म्हणाला.

बेगमपेटला पोचलो तेव्हा तिथे फक्त एक माळी होता. उतारू कंपनीच्या मोटारीतून शहरात गेले होते. आम्ही तसेच परत फिरलो.

घरी आलो तर दारात लहान मुलाचे जोडे. आत काकू उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मुलगी. नातवाने गोल पितळी कमानीतून उपटून काढला होता आणि तो जमिनीवरून लाथेने ढकलत होता. हे उंबऱ्याशीच थांबले.

मुलगी उठून पाया पडली. "उशीर झाला बाबा. मुंबईला जागा मिळायला दोन दिवस गेले."

"पण उलटी का गेलीस?" ह्यांनी उंबऱ्यावरूनच विचारलं. "गाडी होती ना. मी तार केली होती, कशीही ये म्हणून."

"मिळाली होती," ती म्हणाली. "पण आई तुमच्याशी बोलत नाही, असं गुरुजींनी कळवलं होतं. म्हटलं, गाडीने आले तर तुमची पहिली तार कायमची चुकीची राहील. विमानाने आले तर नुसता उशीर झाला असं होईल."

मी पत्र लिहिलं होतं हे खरं. त्याचं असं काही होईल असं वाटलं नव्हतं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. चार महिन्यांनी प्रथमच, मधल्या तारघराला वगळून. "तिथे काय उभे राहिलात? पाय धुऊन या. पोरगी जेवायची थांबलीय तुमच्यासाठी."

काकू सावरल्या. डॉक्टरांनी ते औषधाचं यश मानलं. मुलगी दोन महिने राहिली आणि मग परत निघाली, बेगमपेटहून मुंबई आणि पुढे पुन्हा बोटीने. ह्या खेपेला काकूंनी हट्टच धरला. त्यांना आधार देत आम्ही तांग्यातून नेलं, दोन तास आधी. विमान धावलं, उचललं, किल्ल्याच्या बाजूला वळलं, बारीक झालं आणि दिसेनासं झालं. तरी काकू कपाळावर हात धरून बघत होत्या.

दिवे लागायला अजून अवकाश होता, पण काकूंनी विचारलं. इतक्या महिन्यांनी, त्याच जुन्या सुरात. "नैरोबी किती लांब हो?"

मी मनातल्या मनात सहा बोटं म्हणूनही टाकलं होतं. ह्यांनी घड्याळ काढलं, उघडलं, न बघताच मिटलं आणि खिशात ठेवलं.

"लांब आहे," ते म्हणाले. "फार लांब आहे गं."

काकूंनी डोळे पुसले आणि त्यांचा हात धरला. "मग इतकी वर्षं मी दुसरं काय म्हणत होते?"